कोयनेचे भूकंप : यंत्रांनी लिहून ठेवलं, आता माणसांचं लिहून ठेवूया

कोयनाकाठ

पाटण तालुक्यातल्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. आमच्याकडच्या मुलांना भूकंप पुस्तकातून समजावून सांगावा लागत नाही. खिडकीची काच थरथरली, वरचा पत्रा वाजला, की एखादं पोर वहीतून मान वर न काढता म्हणतं, "बाई, तीनच्या आतला असणार." आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं.

इथं भूकंप का होतात हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. १९६२ साली कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागलं आणि पाठोपाठ धक्के सुरू झाले. जलाशयाचा भार पडतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी खडकाच्या भेगांतून खोल झिरपतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो. १३ सप्टेंबर १९६७ ला दिवसाउजेडी एक मोठा धक्का बसला. नंतर ११ डिसेंबरला, सोमवारी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, ६.३ तीव्रतेचा तो भूकंप. धरणाच्या पाण्यामुळे झालेला म्हणून जगभर मान्य असलेला हा सर्वांत मोठा. आणि मालिका तिथं थांबली नाही. १९७३, १९८०, मग वारणेचा जलाशय भरल्यावर १९९३-९४, पुढे २०००, २००५, २००९. पाचच्या वरचे वीसहून जास्त, चारच्या वरचे दोनशेच्या घरात, लहानसहान तर एक लाखाच्या पुढे.

हे सगळं नोंदलेलं आहे. मला तळमळ लागली आहे ती माणसांकडच्या नोंदीची. १९६७ मध्ये माणसं किती गेली याचा साधा आकडा घ्या. कुठं १७७ लिहिलंय, कुठं १८०, कुठं १८५, तर कुठं सरळ दोनशे. एकेका आकड्यामागे कुणाचं तरी घर आहे. वर्गातल्या मुलीनं मला विचारलं, "आपल्या गावातलं कोण गेलं तेव्हा?" मी गावात चौकशी केली. तीन घरांत तीन उत्तरं मिळाली, आणि तिन्ही मनापासून दिलेली होती.

ज्यांना तो भूकंप नीट आठवतो ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. माझी विनंती अशी की या मंचावर ज्यांच्या घरात कुणी कोयना, पाटण, हेळवाक, चिपळूण, संगमेश्वर, वारणा खोरं या भागातलं असेल त्यांनी त्यांच्याशी बोलून लिहावं. घर कशाचं होतं, कौलारू की गवताचं, भिंत दगडमातीची की कुडाची. झोपलेली माणसं कुठं होती. कोणती भिंत पडली आणि कुठल्या अंगाला. झऱ्याचं, विहिरीचं पाणी बदललं का. गोठ्यातल्या जनावरांचं काय झालं. त्यानंतर किती दिवस घराबाहेर काढले, काय खाल्लं, मदत कुणी आणली. आणि सप्टेंबरचा धक्का व डिसेंबरचा, हे दोन्ही वेगळे ठेवा, कारण सांगताना ते हमखास एकमेकांत मिसळतात.

हेळवाकचा

बाई, धागा काढलात, फार बरं झालं. वडील प्रकल्पावर कामाला, त्यामुळे आम्ही कोयनानगरच्या वसाहतीत राहायचो. मी पहिलीत होतो.

आवाज आधी आला की हादरा आधी, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. आई म्हणायची आधी जमिनीच्या पोटातून गडगडाट आला. वडील म्हणायचे दोन्ही एकदम. मला आवाज आठवतच नाही. आईनं दंडाला धरून ओढत बाहेर काढलं आणि दंड पुढे आठवडाभर दुखत होता, एवढं पक्कं आठवतं. आमच्या खोलीची मागची भिंत संपूर्ण गेली. शेजारच्या ओळीत माणसं दगडांखाली होती आणि अंधारात नुसती नावं घेऊन हाका मारणं चाललं होतं. ती नावं मला आजही पाठ आहेत. इथं लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारून मगच लिहीन.

त्या पहाटे पडलेल्या भिंतींइतकीच भीती धरणाची होती. कुणीतरी ओरडलं, धरण फुटलं, वर पळा. म्हातारी माणसं, बाळंतिणी, सगळे अनवाणी डोंगराच्या अंगाला चढले. डिसेंबरची थंडी आणि अंगावर झोपेतले कपडे. उजाडल्यावर धरण जागेवर दिसलं तेव्हा कितीतरी बायाबापड्या धरणाकडे बघून रडल्या, हे आई नेहमी सांगायची.

आजीचं घर वरच्या वाडीत होतं, कुडाच्या भिंती आणि वर गवत. ते कललं, पण त्यात कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. पक्की म्हणून बांधलेली घरं माणसांवर पडली आणि गरिबाची झोपडी वाचली, हे आजी मरेपर्यंत सांगत होती.

आमच्याकडे जड भांडी फळीवर ठेवायची नाहीत, खालीच ठेवायची, असा नियम आजही आहे. सुना तो पाळतात. का पाळायचा हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आज रात्री सांगणार आहे.

मापनपट्टी

मी बांधकाम क्षेत्रातला आहे, धरणांच्या भूकंपरोधक आराखड्यावर काही वर्षं काम केलंय. यंत्रांची बाजू थोडी सविस्तर मांडतो, कारण ती आपल्या राज्याची मोठी ठेव आहे आणि आपल्याच लोकांना फारशी माहीत नाही.

१९६२ नंतर धक्के जाणवू लागल्यावर खोऱ्यात भूकंपमापक बसवायला सुरुवात झाली होती. शिवाय धरणाच्या आतल्या गॅलरीत प्रवेगमापक, म्हणजे हादऱ्याचा जोर नोंदणारं यंत्र, होता. त्या पहाटे त्यानं जी रेघ काढली तिच्यात जमिनीचा आडवा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पटीपर्यंत गेलेला दिसतो. इतक्या जवळून, इतक्या जोराच्या हादऱ्याची धरणाच्या अंगातच मिळालेली ती नोंद जगभरचे अभियंते आजही वापरतात. काँक्रीटचं धरण हादऱ्यात कसं वागेल याची नवी आकडेमोड कुणी तयार केली, की ती आधी कोयनेवर तपासून बघतात.

धरण १०३ मीटर उंच. ते फुटलं नाही, पण काही भागांत दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या, मुख्यतः जिथं धरणाच्या मागच्या उताराचा कोन बदलतो त्या पातळीजवळ. पुढे पोलादी तारांनी ताण देऊन आणि मागून काँक्रीटचे भक्कम आधार देऊन ते मजबूत केलं गेलं. म्हणजे हेळवाकचा यांच्या वसाहतीत जी ओरड झाली ती अगदीच निराधार नव्हती. धरणाला खरोखर इजा झाली होती.

त्याआधी दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूभाग, इथं मोठा भूकंप होत नाही, अशी समजूत होती. कोयनेनं ती मोडली. २००२ च्या नकाशात हा भाग भूकंपप्रवणतेच्या चौथ्या क्षेत्रात धरला गेला. अलीकडे कराडजवळ खास संशोधन केंद्र उभं राहिलं आणि गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं. आपला काळा पाषाण तिथं साधारण सव्वा किलोमीटरवर संपतो आणि खाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो, हे तिथल्या विंधनांतून हाताला लागलं.

आता एक परखड मत. पन्नास-साठ वर्षांनंतरच्या आठवणींतून किती सेकंद हादरलं, कुठल्या दिशेनं लाट आली, असलं काही काढायला जाऊ नका. ते यंत्राकडे आहे आणि माणसाच्या डोक्यात ते टिकत नाही. मात्र घराचा प्रकार, कोण कुठं अडकलं, भिंत आत पडली की बाहेर, हे माणूस विसरत नाही. कुठल्या गावाला भूकंपाचा किती जोर बसला हे ठरवायला नेमकं हेच लागतं. यंत्र असतं चार ठिकाणी, गावं असतात चारशे.

कोयनाकाठ

मापनपट्टी, हे मला पटलं. सेकंद आणि दिशा प्रश्नांतून काढून टाकते. भिंत कुठल्या अंगाला पडली हे मात्र ठेवते, पण "अंगणाकडे की परसाकडे" असं विचारूया. ते म्हाताऱ्या माणसांना बरोबर सांगता येतं.

माळवद

कोयनेचा धागा आहे, तरी लिहितो. आम्ही किल्लारीजवळचे, आता लातुरात.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. माणसं उशिरा झोपलेली, गाढ झोपेत. सरकारी आकडा ७,९२८ मृत, ५२ गावं साफ. भूकंप कोयनेएवढाच, सहाच्या थोडा वर. मग माणसं इतकी का मेली? त्याचं उत्तर माझ्या नावात आहे. आमची घरं दोन-तीन हात रुंद भिंतींची, आतबाहेर दगड आणि मधे माती भरलेली. वर माळवद. लाकडी सर, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून नवी माती टाकायची. आजोबानं टाकली, बापानं टाकली, म्हणजे तीन पिढ्यांची माती डोक्यावर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. बाकी काही वाईट नव्हतं त्या घरांत.

एक गोष्ट मी स्वतः पाहिली. ज्या घरांत लाकडी खांबांचे खण नीट सांधलेले होते तिथं भिंती बाहेर कोसळल्या तरी खांबांवर माळवद उभं राहिलं आणि खाली माणसं जिवंत सापडली. जिथं सर थेट भिंतीवर टेकवलेले होते तिथं सगळं एकदम खाली आलं. नंतर पडक्या गावांत फिरलेल्या तज्ज्ञांनीही हेच लिहिलं. पण हे आमच्या सुताराला आधीपासून ठाऊक होतं, त्याला कुणी विचारलं नाही.

आणि तुमच्या धाग्याशी ज्याचा सगळ्यांत जवळचा संबंध आहे ते सांगतो. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसतच होते. १८ ऑक्टोबरचा तर चांगलाच मोठा, घरांना तडे गेले. त्या दिवसांत आम्ही लेकरंबाळं घेऊन अंगणात झोपत होतो. मग धक्के थांबले. दिवाळी गेली, थंडी पडली, माणसं आत गेली. वर्ष उलटायच्या आत ती रात्र आली. १९९२ चे धक्के घराघरांत जाणवले, पण कुणाच्या घरात कोणता तडा कधी गेला याची एक ओळ आमच्या गावात कुणी लिहिलेली नव्हती. लिहिली असती तर भूकंप टळला नसता, हे मला कळतं. पण कुठली भिंत आधीच फुगली आहे, कुठल्या घराचा कोपरा सुटलाय, हे वर्षभर समोर दिसत राहिलं असतं. चार-दोन घरांनी तरी माळवदावरची माती उतरवली असती, आत एखादा खांब दिला असता. मला आजही वाटतं की काही माणसं त्यानं वाचली असती.

बाई, तुम्ही जुनं गोळा करताय ते कराच. पण आजचं लिहायची सवय पोरांना लावा.

दक्षिणबेट

माळवददादा, वाचून सुन्न झाले.

मी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला राहते. माहेर साताऱ्याचं, त्यामुळे कोयनेचे धक्के लहानपणापासून ओळखीचे. इथंही आम्ही मालिकेतून गेलो. ४ सप्टेंबर २०१० च्या पहाटे ७.१ चा भूकंप झाला, घरं तडकली, पण जीव वाचले, आणि सगळ्यांना वाटलं सुटलो. मग २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी, आकड्यानं लहान पण शहराच्या अगदी खाली. १८५ माणसं गेली, त्यातली शंभरहून अधिक एकाच कार्यालयीन इमारतीत. आमच्या भागात जमिनीतून राखाडी गाळ उसळून वर आला. रस्ते, अंगण, मोटारी, सगळं गाळात. विद्यार्थी फावडी घेऊन रस्त्यारस्त्यानं फिरले आणि अनोळखी लोकांची अंगणं उपसून देऊन गेले. त्या वर्षी जूनमध्ये आणि पुन्हा नाताळच्या तोंडावर मोठे धक्के बसले. प्रत्येक वेळी गाळ वर, पुन्हा उपसायचा. शेवटी नदीकाठचे भाग राहण्यालायक नाहीत असं ठरलं आणि हजारो घरं पाडली गेली. आज तिथं नुसतं गवत आहे. कुंपणाजवळ लावलेली फळझाडं मात्र रांगेत उभी आहेत, त्यावरून घर कुठं संपत होतं ते कळतं.

इथल्या विद्यापीठानं जे केलं ते तुम्हाला उपयोगी पडेल. त्यांनी मालवाहू कंटेनरमध्ये छोटा ध्वनिमुद्रण कक्ष थाटला आणि तो शहरात ठिकठिकाणी नेऊन ठेवला. नाव क्वेकबॉक्स. कुणीही आत जावं आणि आपली हकिकत सांगावी, ज्या भाषेत सांगायची त्या भाषेत. शेकडो लोकांनी सांगितली. मधे अडवायचं नाही, प्रश्नांची फैर झाडायची नाही. काही वर्षांनी त्यातल्या अनेकांना पुन्हा बोलतं केलं, म्हणजे आठवण कशी बदलते हेही नोंदलं गेलं. फोटो, पत्रं, कागदपत्रं यांचा वेगळा संग्रह महाजालावर केला, तो कुणालाही पाहता येतो.

बाई, तुमची प्रश्नावली चांगली आहे, पण ती शेवटी काढा. आधी माणसाला हवं तिथून सुरू करू द्या. आणि ध्वनिमुद्रण कराच. लिहून घेताना आपण नकळत आपल्या शाळेतल्या मराठीत लिहितो आणि सांगणाऱ्याची बोली हरवते.

वसमतकर

आम्ही हिंगोली जिल्ह्यातले. वसमत, औंढा, कळमनुरी भागात काही वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात. पेपरात "गूढ आवाज" म्हणून बातमी येते आणि विषय संपतो. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ चा धक्का बसला, लगेच मागोमाग दुसरा. १० जुलैला परत ४.५. माळवददादांचं वाचून पोटात गोळा आला. आमच्या गावात अजून दगडमातीची घरं आहेत आणि माझी आई त्यातल्याच एका घरात राहते. आज, आत्ता काय लिहायचं आणि कुठं द्यायचं, ते कुणी सांगेल का?

मापनपट्टी

वसमतकर, आधी आईचं. त्या झोपतात तिथली भिंत बघा. भिंतीला पोट आलं असेल, कोपऱ्यात उभा तडा असेल, तर खाट आज तिथून हलवा. डोक्याकडच्या भिंतीवर फळी, माठ, जड काही नको. छतावर मातीचा जुना थर असेल तर तो जाणकार माणसाकडून कमी करून घ्या, वर पातळ पत्रा टाका. दगडी भिंतींना बाहेरून-आतून जाळी लावून सिमेंटचा पट्टा देता येतो, आणि भिंतीतून आरपार काँक्रीटचे सांधे घालता येतात. किल्लारीनंतर अशी डागडुजी करण्याच्या पद्धती नीट बसवल्या गेल्या आहेत. नवं घर बांधण्याच्या मानानं खर्च पुष्कळ कमी येतो.

आता नोंद. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या मोबाइल ॲपवर "मला धक्का जाणवला" अशी माहिती भरता येते. गावातल्या पाच-दहा जणांनी भरली तरी फरक पडतो. त्याशिवाय घरात एक वही ठेवा. तारीख, घड्याळातली वेळ, नुसता आवाज की हादराही, भांडी वाजली का, कोण कुठं होतं. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून शेजारी तारीख घाला. तडा पुढे सरकला की खुणेवरून लगेच कळतं. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. ग्रामसेवक, तलाठी, तहसील, जिथं अर्ज द्याल तिथं वहीची प्रत जोडा. "नेहमी धक्के बसतात" या अर्जापेक्षा तारखांच्या यादीकडे जास्त लक्ष जातं.

पालघरकडे धुंदलवाडी, तलासरी भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून असेच धक्के सुरू झाले. तिथं तंबू द्यावे लागले. तेव्हा "लहान आहेत, घाबरू नका" एवढ्यावर समाधान मानू नका. घाबरायचं कारण नाही, पण घर तपासायचं कारण आहे.

वारणाकाठ

सगळं पटतंय, तरी एक अडचण मांडते. आमच्या सासूबाईंचा धाकटा भाऊ १९६७ च्या भूकंपात गेला. त्या त्याविषयी कधीच बोलत नाहीत. लहान धक्का बसला तरी त्यांचा रंग उतरतो, रात्रभर दिवा चालू ठेवतात. मी विचारावं का? आपल्या वहीसाठी त्यांची जखम उकरायचा मला काय अधिकार?

कोयनाकाठ

ताई, मुळीच विचारू नका. त्यांच्यासमोर सहज म्हणा की शाळेच्या बाई जुन्या आठवणी लिहून घेतायत. पुढचं त्यांच्यावर सोडा. त्या बोलल्या तर ऐका, नाही बोलल्या तर तेही बरोबरच आहे. आणि बोलल्याच, तर काय लिहायचं, काय फक्त घरात ठेवायचं, हे त्या ठरवतील. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय बाहेर काही जाणार नाही. हा नियम मी सगळ्यांसाठीच घालते. मुलांनाही हेच शिकवणार आहे. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं की फोन खाली ठेवायचा आणि आजीजवळ बसायचं.

दक्षिणबेट, तुमचंही मान्य. आधी ऐकायचं, प्रश्न शेवटी.

माळवद

वारणाकाठ ताई, माझं सांगतो. पहिली दहा-बारा वर्षं मी कुणाशी बोललो नाही. कुणी विचारलं तर उठून जायचो. पुढे मुलीनं विचारलं, तिच्या आजीचं नाव तिला हवं होतं, आणि तिला मी सगळं सांगितलं. विचारणारं माणूस कोण आहे यावर बरंच असतं. तुमच्या सासूबाईंना तुमच्यापेक्षा कदाचित नातवंडाला सांगावंसं वाटेल.

हेळवाकचा

बाई, एक बाजू राहून जातेय. आपल्या खोऱ्यातल्या घरटी एका माणसाचं पोट तेव्हा मुंबईवर होतं, गिरणीत नाहीतर माथाडी म्हणून. हादरा मुंबईतही जाणवला होता आणि कोयनेची वीज बंद पडल्यानं मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना फटका बसला. माझे चुलते गिरणगावात होते. केंद्र कोयना आहे हे कळल्यावर गावाकडची सगळी माणसं एसटी मिळवायला धावली. वाटेत जो भेटेल त्याला, आमच्या वाडीचं काय, एवढंच विचारत आले. त्यांना घरी पोचेपर्यंत काही ठाऊक नव्हतं. तो प्रवासही भूकंपातच धरायला हवा.

चुलते गेले, पण त्यांच्याबरोबर आलेले एक गृहस्थ लालबागला आहेत, नव्वदीला टेकलेत, कान मंद झालेत पण बोलतात खणखणीत. रविवारी जाऊन येतो. त्यांच्यासाठी तुमच्या प्रश्नांत काय भर घालू?

कोयनाकाठ

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना विचारा, बातमी कशी कळली, कुणी सांगितली. गिरणीतून सुट्टी मिळाली का, की तशीच पाळी टाकून निघाले. कोणत्या रस्त्यानं आले आणि गाडी कुठपर्यंत आली, पुढे चालत की कसे. बरोबर काय आणलं होतं. घराकडे वळल्यावर आधी कोण भेटलं. परत मुंबईला कधी गेले आणि मागं घरच्यांना कुणाच्या भरवशावर ठेवलं. जमलं तर त्यांच्या खोलीतल्या इतर गाववाल्यांची नावं आणि वाड्या लिहून घ्या, त्यांच्या घरांपर्यंत आम्ही इथून पोचू. कान मंद आहेत म्हणताय, तर प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या.